वजाबाकीचे शास्त्र

मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ साली. शहराला ती मोठी सोय होती, पण कुलाबा वेधशाळेला ती येण्याआधीच धडकी भरली होती. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. ट्रामच्या तारांतून, रुळांतून आणि जमिनीत झिरपणाऱ्या विजेमुळे त्या नाजूक सुया भलतेच काही दाखवू लागणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग गाठले. चुंबकत्व नसलेल्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा तिथे उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवला गेला आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले.

मोजमापाच्या धंद्यातली मुख्य गोष्ट या स्थलांतरात दिसते. हवी ती गोष्ट यंत्रात उमटवणे तुलनेने सोपे असते. नको असलेले किती उमटले, ते ओळखून बाजूला काढणे अवघड. चाळीस वर्षांनी याच शहरात वैश्विक किरणांचे संशोधन सुरू झाले, तेव्हा त्या शास्त्रज्ञांची निम्मी बुद्धी याच वजाबाकीत खर्ची पडली.

पेडर रोडवरचा बंगला

होमी भाभांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ च्या जूनमध्ये बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला आली. जागा होती पेडर रोडवरचा ‘केनिलवर्थ’ बंगला, भाभांच्या नातेवाइकांचा. १९४९ मध्ये संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन झाले.

शहरात किरणोत्साराची मोजणी त्याआधीही होत होती. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून रेडियमचे उपचार होते आणि मादाम क्यूरींकडे शिकून आलेले रामय्या नायडू तिथली भौतिकीची बाजू सांभाळत. पण तिथे किरण मुबलक होते. किती द्यायचे एवढाच प्रश्न. वैश्विक किरणांचे दुखणे उलटे. ते अवकाशातून येतात, वातावरणावर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव करतात आणि समुद्रसपाटीला आपल्या तळहातातून सेकंदाला जेमतेम एखादा कण जातो. त्याच वेळी भिंतीतल्या विटा, जमिनीतले युरेनियम-थोरियम, खुद्द यंत्राची काच हे सगळे आपापला किरणोत्सार सोडतच असतात.

गायगर नळी या सगळ्यांना सारखाच प्रतिसाद देते. नळीत कमी दाबाचा वायू, मधोमध ताणलेली बारीक तार, तारेवर हजारभर व्होल्ट. कोणताही भारित कण आत शिरला की वायूचे आयनीभवन होते, ठिणगीसारखा विसर्ग होतो आणि मोजपट्टीवर एक ‘टक्’. टक् कोणाची, हे नळी सांगत नाही. त्यावर तोड काढली जर्मनीत वाल्टर बोटे यांनी आणि ती इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या मंडलात बसवली इटलीच्या ब्रुनो रॉसी यांनी, १९३० मध्ये. तीन नळ्या एकाखाली एक ठेवायच्या आणि तिन्ही एकदम वाजल्या तरच नोंद घ्यायची. लालबाग, परळ आणि दादर या तिन्ही नाक्यांवर एकच माणूस ओळीने दिसला, तर तो ट्रामने सरळ वर चालला आहे असे समजावे, तसे हे. भिंतीतून आलेला क्षीण किरण एका नळीत मरतो. तिन्ही पार करतो तो वरून आलेला जोरकस कण.

योगायोगाने दोन नळ्या एकदम वाजल्या तर? याचा हिशेब करता येतो. प्रत्येक नळी सेकंदाला १०० वेळा वाजते आणि मंडल १० मायक्रोसेकंदांच्या आतले ठोके ‘एकदम’ मानते असे धरू. दोन नळ्यांच्या जोडीत मिनिटाला सुमारे १२ खोट्या नोंदी होतील. तिसरी नळी जोडली की खोटी नोंद तासाला एखादी. एक नळी वाढवली आणि खोटेपणा शेकडो पटींनी घसरला.

निर्मात्याच्या कारखान्यापासून सुरू झालेली नोंद

नळी कण गेल्याचे सांगते, पण गेल्यावर काय झाले ते सांगत नाही. ते दाखवते फोटोग्राफिक इमल्शन. साध्या फिल्मपेक्षा कितीतरी जाड, चांदीच्या ब्रोमाइडचे कण खच्चून भरलेला जिलेटिनचा थर. भारित कण त्यातून गेला की वाटेतले ब्रोमाइडचे कण बदलतात आणि डेव्हलप केल्यावर काळ्या ठिपक्यांची रांग दिसते. ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांना याच पद्धतीसाठी १९५० चे नोबेल मिळाले. त्याआधी, दार्जिलिंगच्या डोंगरावर इल्फर्डच्या साध्या प्लेटा ठेवून देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी मेसॉनच्या खुणा शोधल्या होत्या. याच बिभा चौधुरी १९४९ मध्ये मुंबईच्या संस्थेत आल्या. पन्नाशीच्या सुरुवातीला बर्नार्ड पीटर्स आले, त्यांच्याबरोबर यशपाल आणि देवेंद्र लाल ही तरुण मंडळी या कामाला लागली. १९५५ मध्ये ब्रिस्टलहून एम. जी. के. मेनन आले.

इमल्शन बलूनला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवायचे. दक्षिण भारताला इथे निसर्गानेच मदत केली होती. चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र कमी ऊर्जेचे कण परतवून लावते. सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांखालचे प्रोटॉन इथे पोचतच नाहीत. युरोपातल्या प्रयोगशाळेला जी चाळणी करता आली नसती, ती इथे फुकट मिळत होती. मिलिकनसारखा शास्त्रज्ञ १९३९-४० मध्ये बलून घेऊन भारतात आला तो याचसाठी.

पण इमल्शनला झोप नाही. कारखान्यात थर ओतल्यापासून त्यात खुणा उमटू लागतात. जहाजावर आठवडे, गोदीत दिवस, बलून उडण्याआधी टेबलावर काही तास, सगळे त्यात नोंदले जाते. त्यावरचा उपाय पाहण्यासारखा आहे. काचेवरून सोडवलेले इमल्शनचे ताव प्रवासात सुटे ठेवायचे आणि उड्डाणाच्या थोडे आधी एकावर एक नेमके रचून घट्ट आवळायचे. जी खूण एका तावातून निघून खालच्या तावात त्याच रेषेत पुढे जाते, ती उड्डाणातली. जी तावाच्या कडेला तुटते, ती जुनी, टाकून द्या.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखाली. स्कॅनर मंडळी थराच्या वरून खाली फोकस फिरवत चौकोनामागून चौकोन तपासत. रेषेवर ठिपके किती दाट, यावरून कणाचा वेग आणि भार. रेषा किती वळवळते, यावरून संवेग. कण थांबला असेल तर रेषेची लांबी, म्हणजे ऊर्जा. मायक्रॉनमध्ये घेतलेल्या या मापांतही वजाबाकी होती. डेव्हलप करताना ब्रोमाइड धुऊन गेले की थर निम्म्याहून जास्त आकसतो, तेव्हा खोलीची मापे त्या प्रमाणात वाढवून घ्यावी लागत. सूक्ष्मदर्शकाचे टेबल सरकताना स्वतःच किंचित डगमगते. ते डगमगणे वेगळे मोजून कणाच्या वळवळीतून काढावे लागे. त्यात उष्ण, दमट हवेत उमटलेली खूण डेव्हलप होण्याआधीच पुसट होत जाते. मुंबईची हवा त्या बाबतीत मुळीच दयाळू नव्हती.

पावसातले बेरिलियम

या गटाचे माझ्या मते सर्वांत मुंबईकर काम पावसाचे. वैश्विक किरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांचे तुकडे करतात; त्यातून बेरिलियम-७ हे ५३ दिवसांच्या अर्धायुष्याचे मूलद्रव्य तयार होते. ते हवेतल्या धूलिकणांना चिकटते आणि पावसाबरोबर खाली येते. त्या सुमारास शिकागोलाही ते सापडले होते. इथे १९५६ मध्ये गोयल, झा, लाल, राधाकृष्ण आणि रामा यांनी पावसाच्या पाण्यातल्या बेरिलियमवर निबंध प्रसिद्ध केला.

बेरिलियम-७ ची ओळख त्याच्या ४७८ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या गॅमा किरणाने पटते. दहातला एखादाच अणू फुटताना तो सोडतो. अडचण अशी, की तोच काळ अणुबॉम्बच्या उघड्यावरच्या चाचण्यांचा. त्या राखेतले रुथेनियम-१०३ सुमारे ४९७ वर गॅमा सोडते, आणि त्या काळच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाला ४७८ आणि ४९७ यांतला फरक दिसत नसे. मग आधी रसायनशास्त्र कामाला लागते. पाण्यात मुद्दाम थोडे साधे बेरिलियम मिसळायचे, त्याच्या सोबतीने किरणोत्सारी बेरिलियमही साक्यात उतरते, आणि रुथेनियम द्रावणात मागे राहते. शेवटची खात्री कॅलेंडर देते. तोच नमुना आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजायचा. ५३ दिवसांत निम्मा झाला तर बेरिलियम; ३९ दिवसांत झाला तर बॉम्बची राख फसवते आहे.

यातून नुसते एक मूलद्रव्य सापडले असे नाही. वरची हवा खाली यायला किती काळ लागतो, हे मोजायला निसर्गाचे घड्याळ हाती आले. पुढे याच गटाने समुद्रतळाच्या गाळात लक्षावधी वर्षे टिकणारे बेरिलियम-१० मोजले.

डोक्यावर सव्वादोन किलोमीटर खडक

वजाबाकीची कमाल झाली कोलारच्या सोन्याच्या खाणीत. भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये मुंबईहून गायगर नळ्या घेऊन तिथे उतरले. खोल जाऊ तसे दुय्यम वर्षावातले म्यूऑन कण कमी होत जातात, ते किती वेगाने हे मोजायचे होते. साठच्या दशकात हे मोजमाप सुमारे २.७ किलोमीटर खोलीवर पोचले, तेव्हा यंत्र जवळजवळ दोन महिने चालूनही एक म्यूऑन नोंदला गेला नाही. शून्याचा आकडा निराशेचा वाटेल, पण इथे त्याचाच उपयोग झाला. एवढ्या शांततेत, खडक सहज आरपार जाणारा न्यूट्रिनो कण पकडता येईल, हे त्याने सांगितले.

मुंबईची संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर उपकरण मांडले. प्लास्टिक सिंटिलेटरच्या उभ्या भिंती आणि मधे निऑनच्या नळ्या. भिंती उभ्या, कारण वरून उतरणारे उरलेसुरले म्यूऑन टाळायचे होते. साठ अंशांनी कललेल्या वाटेवर खडकाची जाडी दुप्पट, साडेचार किलोमीटरांहून अधिक होते. तिथून म्यूऑन येणे अशक्य. तेव्हा जवळपास आडवा कण आला, तर तो शेजारच्या खडकात न्यूट्रिनो आदळून निर्माण झालेलाच. वातावरणातल्या न्यूट्रिनोच्या या पहिल्या घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्यांचा निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये छापला गेला. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत हेच करणाऱ्या फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा निबंध त्याच महिन्यात, थोडा नंतर आला.

± या चिन्हाचा अर्थ

सामान्य वाचकाच्या हातात या परंपरेचे जे फळ सहज पडते, ते म्हणजे पुरातत्त्वातली कार्बन-१४ ची तारीख. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली आणि साठच्या दशकात मुंबईच्या संस्थेत तिची प्रयोगशाळा सुरू झाली. धर्मपाल अग्रवाल, शीला कुसुमगर आणि देवेंद्र लाल यांचे ते काम. कालीबंगन, लोथल, आपल्याकडचे इनामगाव, अशा स्थळांच्या अहवालांत तारखेआधी ‘टीएफ’ ही अक्षरे दिसली की ती या प्रयोगशाळेची समजावी.

ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे १४ अणू फुटतात; चार हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात आठ-साडेआठ. लिबींच्या उघड्या नळीत पार्श्वभूमीच्याच मिनिटाला ५०० च्या आसपास टक् पडत. आठ इंच लोखंडाचे कवच घातल्यावर १०० उरल्या. मग नळीभोवती दुसऱ्या नळ्यांचे कडे बसवले: बाहेरची आणि आतली एकदम वाजली तर नोंद रद्द. आता उरल्या पाचेक. रॉसींच्या युक्तीचाच हा उलटा वापर.

तरीही अणू ठरावीक ठेक्यात फुटत नाहीत. मोजलेल्या आकड्याच्या वर्गमुळाइतकी चूक त्यात राहतेच. एक टक्का अचूकतेसाठी दहा हजार टक् हव्यात, म्हणजे मिनिटाला आठ या दराने जवळपास २१ तास सलग मोजणी. शिवाय पार्श्वभूमी वेगळी मोजायची, तिची चूक वेगळी धरायची. एवढे करून कार्बनच्या मोजणीतला एक टक्का म्हणजे सुमारे ८० वर्षे.

उत्खननाच्या अहवालात ‘३५०० ± १००’ असे वाचताना आपली नजर ३५०० वर थांबते. मोजणाऱ्याची खरी मेहनत उजवीकडच्या १०० मध्ये असते. काय काय वजा केले आणि वजा करून किती शंका उरली, याचा तो कबुलीजबाब. जो आकडा असा कबुलीजबाब देत नाही, मग तो प्रदूषणाचा असो की पावसाचा, त्याच्याकडे थोडे जपूनच पाहावे.