यूजीन सँडो : बलप्रदर्शनाकडून व्यायामपद्धतीकडे

एकोणिसाव्या शतकातील युरोपात बलवान पुरुषाची जागा सर्कशीच्या रिंगणात किंवा नाट्यगृहाच्या रंगमंचावर असे. साखळदंड तोडणे, लोखंडी कांबी वाकविणे, अवजड वजने पेलणे हे प्रेक्षकांच्या दृष्टीने चमत्कार होते. असे बल सामान्य माणसालाही प्रयत्नाने कमावता येईल, हा विचार लोकांत रुजविणाऱ्यांमध्ये यूजीन सँडो यांचे नाव अग्रभागी आहे.

सँडो यांचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे झाला. त्यांचे मूळ नाव फ्रीडरिख विल्हेल्म म्युलर. अटिला या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिक्षकाकडे ब्रुसेल्समध्ये त्यांनी वजने उचलण्याचे शिक्षण घेतले. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल अक्वेरियममध्ये त्यांनी सॅम्सन या नामांकित बलवानाला जाहीर सामन्यात हरविले आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढे १८९३ मध्ये शिकागो येथे फ्लोरेन्झ झीगफेल्ड यांनी त्यांचे खेळ लावले. त्यांनी उचललेल्या वजनांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आकर्षण प्रेक्षकांना त्यांच्या रेखीव शरीराचे वाटू लागले. मग प्राचीन ग्रीक शिल्पांप्रमाणे निरनिराळ्या पवित्र्यांत उभे राहून स्नायू दाखविणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग बनला. १८९४ मध्ये एडिसन यांच्या चित्रीकरणगृहात त्यांचा एक लघु चलत्‌पटही घेण्यात आला.

आपण लहानपणी अशक्त होतो, असे सँडो सांगत. १८९७ मध्ये लंडन येथे त्यांनी व्यायामसंस्था स्थापन केली. हलके डंबेल्स घेऊन, प्रत्येक स्नायूकडे लक्ष देत, ठराविक आवर्तने करावीत आणि ती हळूहळू वाढवावीत, ही त्यांची रीत होती. वयानुसार आखलेली व्यायामाची कोष्टके त्यांनी पुस्तकातून प्रसिद्ध केली. कचेरीत बसून काम करणाऱ्या माणसालाही घरच्या घरी हा व्यायाम करणे शक्य होते. १४ सप्टेंबर १९०१ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरविली. तेथे केवळ स्नायूंचा आकार न पाहता सर्वांगाचा समतोल विकास पाहिला गेला. लेखक आर्थर कॉनन डॉईल हे परीक्षकांपैकी एक होते.

१९०४-०५ मध्ये सँडो यांनी भारताचा दौरा केला. बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकला आपल्याकडे आजही ‘सँडो’ म्हणतात. १४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांचे नाव असे घरोघरी पोहोचले, त्यांच्या स्वतःच्या थडग्यावर मात्र कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता.