चौऱ्याण्णव सेंटिमीटरचा खांब

मुंबईतल्या वाकोल्यात २६ जुलैचा विषय निघाला की कोणतं वर्ष, असं कुणी विचारत नाही. सांगणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. कुणाचा छातीपाशी थांबतो, कुणाचा भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी. पाणी इथवर होतं.

त्या दिवसाच्या पावसाचा आकडा इथून जवळच, सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजला गेला. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर.

आकड्यांना शरीर देणारे कलावंत जगात आहेत. अमेरिकेतल्या नॅथली मीबाख हवामानाच्या नोंदी वेताच्या विणीत गुंफतात. आपल्याकडे २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं अजस्र कोळिष्टक टांगलं होतं. एकेका शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं, पुढे बदललेलं इंग्रजी अमदानीतलं नाव. कोणती नोंद कोणत्या रूपात दाखवायची, हे अशा कामात कलावंताला ठरवावं लागतं. पावसाला ते रूप आधीच आहे. पाऊस आपण लिटरमध्ये सांगत नाही, उंचीत सांगतो. पडलेलं पाणी वाहिलं नसतं, मुरलं नसतं, तर जिथल्या तिथे किती चढलं असतं, ती ही उंची.

ती मोजणारं पर्जन्यमापक अगदी साधं. नरसाळं, खाली बाटली, शेजारी काचेचं मोजपात्र. खालचे शिंतोडे आत उडू नयेत म्हणून काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. मोजपात्र नरसाळ्याच्या तोंडापेक्षा कितीतरी अरुंद, त्यामुळे मिलिमीटरभर पाऊसही त्यात उंच उभा राहतो आणि त्याचा दहावा भागसुद्धा डोळ्यांनी वाचता येतो. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यातून ९४४ मिलिमीटर पाऊस गोळा केला तर पाणी होतं जवळजवळ १९ लिटर.

याचं स्वतः नोंद करणारं भावंड मला अधिक आवडतं. आत पाण्यावर तरंगणारा डबा, त्याला जोडलेलं पेन, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्याला गुंडाळलेला कागद. पाणी चढतं तसं पेन चढतं. १० मिलिमीटर भरले की सायफनने पात्र रिकामं होतं, पेन शून्यावर कोसळतं आणि पुन्हा चढू लागतं. रिमझिम असली तर कागदावर लांबट, सावकाश चढण दिसते. धो धो कोसळला तर जवळजवळ उभी रेघ. ९४४ मिलिमीटरच्या अशा चौऱ्याण्णव चढणी होतात. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटर पडला, म्हणजे एकोणीस चढणी, सव्वातीन मिनिटांच्या आत एक. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. अडीच चढणी!

पाऊस मोजणं या मातीला नवं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे, आणि कोणत्या मुलखात किती द्रोण पडतो तेही दिलं आहे. अवंतीला तेवीस द्रोण. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, आकडाच नाही. तिथला पाऊस अमाप. आपल्या किनाऱ्याची ही सर्वांत जुनी पर्जन्यनोंद मला फार खरी वाटते.

२६ जुलैच्या त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. चार बोटं. एकाच शहरातल्या या दोन उंचींचे दोन दगडी खांब वाकोला नाल्याच्या काठावर शेजारी शेजारी उभे करावेत, असं मला मनापासून वाटतं. जपानमध्ये आनेयोशी गावात त्सुनामीनंतर असाच दगड उभारला आहे. याच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर कोरलं आहे.

आपल्या खांबापाशी वाकोल्यातला माणूस उभा राहिला, तर ९४ सेंटिमीटरचा तो दगड त्याच्या कमरेच्या आसपास येईल. पाणी दाखवताना त्याचा हात मात्र छातीपर्यंत जातो. त्या दोहोंमधलं पाणी त्याच्या डोक्यावरच्या आभाळातून पडलेलं नव्हतं. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो, मिठी विहार-पवई तलावांकडचं पाणी घेऊन येते, आणि त्या दिवशी माहीमच्या खाडीच्या तोंडाशी भरती होती.