टाकण्याचा विवेक

नवे घर बांधणे हे मोठे काम आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु जुने घर पाडणे हेही लहान काम नव्हे, ही गोष्ट प्रत्यक्ष पाडण्याची वेळ येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेची एक जुनी, गळकी इमारत पाडून तेथे नवे वर्ग बांधावयाचे ठरले. राडारोडा उचलण्यासाठी आम्ही एक डंपर भाड्याने ठरविला. मुलांनो, रस्त्याने जाताना तुम्ही डंपर पाहिला असेलच. त्याचा लोखंडी हौदा मागे कलतो आणि आतला सारा माल एका क्षणात खाली ओततो. असा रिकामा हौदा दारात उभा राहिला, की माणसास एक मोह पडतो. गाडी आयती आली आहे, भाडेही दिले आहे. मग सारी अडगळ हिच्यात लोटून मोकळे का होऊ नये, असे त्यास वाटू लागते.

मलाही तसेच वाटले. इमारतीच्या एका टोकास जुनी कोठीची खोली होती. तीत मोडकी बाके, गंजलेल्या खुर्च्या, रंगाचे अर्धवट डबे, जळालेल्या ट्यूबलाइट, एक जुनी बॅटरी आणि प्रयोगशाळेतील काही बाटल्या पडून होत्या. बाटल्यांवरील चिठ्ठ्या कधीच गळून गेल्या होत्या. कामावर आलेल्या एका वयस्क बाईंनी मला विचारले, "गुरुजी, यातलं काय काय टाकायचं?" हातातील कागदांवरून दृष्टीही न उचलता मी म्हणालो, "सगळंच टाका."

दुपारी विटांनी भरलेली एक पाटी हौद्यात रिकामी झाली आणि तिच्या भाराने एक बाटली फुटली. तीत आम्ल होते. आत उभा राहून माल सारखा करणाऱ्या एका तरुण मजुराच्या पायावर त्याचे शिंतोडे उडाले. आम्ही त्याच्या पायावर पुष्कळ वेळ पाणी ओतले व त्यास रुग्णालयात नेले. पाय बरा झाला. घोट्यावरील डाग मात्र राहिला. ती बाटली हौद्यात का गेली, असे कोणीही मला विचारले नाही. परंतु मला ते ठाऊक होते. त्यानंतर डंपरमध्ये काय घालावे आणि काय घालू नये, याची मी बारकाईने चौकशी केली. तेच आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम घालावयाच्या वस्तू पाहू. विटा, दगड, माती, गिलाव्याचे पोपडे, काँक्रीटचे तुकडे, फुटलेली कौले व फरश्या ही डंपरमध्ये जावीत. ह्या वस्तू कुजत नाहीत, पेट घेत नाहीत आणि त्यांना दुर्गंधी सुटत नाही. इतकेच नव्हे, तर यंत्रात भरडल्या असता त्यांची पुन्हा खडी व वाळू होते आणि त्यांपासून पदपथावर बसविण्याचे ठोकळे तयार करता येतात. दिल्लीतील बुराडी येथे २००९ साली असा कारखाना सुरू झाला. मात्र त्यासाठी राडारोडा निर्भेळ असावा लागतो. तांदळात खडे आले, तर आपण ते वेचून टाकतो. येथे उलट खड्यांत तांदूळ पडले, तरी काम बिघडते! म्हणूनच बांधकामाच्या कचऱ्यासंबंधी केंद्र सरकारने २०१६ साली जे नियम केले, त्यांत मोठ्या कामांवर राडाऱ्याचे चार वेगळे ढीग करावेत, असे सांगितले होते. एक काँक्रीटचा, दुसरा मातीचा, तिसरा विटा व गिलाव्याचा आणि चौथा लोखंड, लाकूड व प्लास्टिक यांचा.

घालण्याजोग्या वस्तूही बेताने घालाव्या लागतात. आपल्याकडे राडारोडा 'ब्रास'मध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फुटक्या विटा व काँक्रीट यांचा एक ब्रास सुमारे चार टन भरतो. म्हणून हौदा काठापर्यंत भरलेला नाही, एवढ्यावरून गाडीस भार कमी झाला, असे समजू नये. आणि काठाच्या वर तर काहीच रचू नये. वळणावर घरंगळलेली एक वीटही मागून येणाऱ्या सायकलस्वाराचा प्राण घेऊ शकते. माल नीट भरल्यावर त्यावर ताडपत्री बांधावी, म्हणजे धूळही उडत नाही.

आता घालू नये अशा वस्तू. त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ज्यांचे मोल अजून संपलेले नाही अशा वस्तूंचा. लोखंडी सळया, पत्रे, दारे-खिडक्यांचे लाकूड, जुने कागद हे सारे भंगारवाल्याकडे किंवा सुताराकडे जावे. आमच्या मोडक्या बाकांतून सुताराने पुढे तीन धडधाकट बाके काढून दिली.

दुसरा वर्ग ओल्या कचऱ्याचा. उरलेले अन्न, भाजीची देठे, पालापाचोळा ही मातीला खत देणारी द्रव्ये होत. परंतु तीच कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून दडपली गेली, की त्यांतून मिथेन नावाचा ज्वलनशील वायू उत्पन्न होतो. मुंबईत देवनार येथे १९२७ सालापासून कचरा साठत आला होता. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगरास मोठी आग लागली. वरून पाणी मारले, तरी आतला कचरा धुमसतच राहिला. धूर एवढा पसरला, की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्या मुलांनी तो कचरा केला नव्हता, त्यांच्याही छातीत तो धूर गेला.

तिसरा वर्ग घातक वस्तूंचा. हा वर्ग नीट लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये थोडासा पारा असतो. नळी फुटली, की त्याची वाफ हवेत मिसळते; आणि पारा हा मज्जातंतूंचा शत्रू आहे. म्हणून अशी नळी न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळी द्यावी. मोटारीच्या बॅटरीत शिसे व तीव्र आम्ल असते. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, असा नियम आपल्या देशात २००१ साली झाला. तेव्हा तिची वाट दुकानाकडे आहे, डंपरकडे नव्हे. मोबाइल फोनमधील बॅटरी दिसावयास लहान असते; परंतु ती दाबली किंवा चिरडली गेली, तर तिच्यातून एकाएकी ज्वाला निघू शकते. रंग, टर्पेंटाइन, रॉकेल ही तर उघडच पेट घेणारी द्रव्ये. गॅसच्या किंवा फवाऱ्याच्या डब्यात दाब कोंडलेला असतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फोडला, की डोळ्यांस न दिसणारे ते तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि पुष्कळ वर्षांनी दुर्धर रोग उत्पन्न करतात. म्हणून असे पत्रे फोडू नयेत. ते ओले करून, अखंड उतरवून जाणकारांच्या स्वाधीन करावेत. आणि साधी फुटकी काचसुद्धा जाड कागदात गुंडाळून, वर तशी खूण करून द्यावी.

ह्या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. 'टाकणे' ह्या शब्दाने आपली फसवणूक होते. वस्तू टाकली, म्हणजे ती संपली, असे आपणांस वाटते. वास्तविक ती केवळ आपल्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. डंपर आपल्या दारातून निघाला, तरी तो कोठे तरी रिकामा व्हावयाचाच असतो. तो रात्रीच्या अंधारात ओढ्याकाठी रिकामा झाला, तर पावसाळ्यात तोच राडारोडा पाण्याची वाट अडवितो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही शहरास जड गेलाच असता. परंतु भराव, अतिक्रमणे व कचरा यांनी आधीच आक्रसलेल्या मिठी नदीस ते पाणी वाहून नेणे अधिकच अशक्य झाले. म्हणून डंपर ठरविताना केवळ भाडे विचारू नये. माल कोठे नेणार, हेही विचारावे.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी डंपर कोठून येणार? खरे आहे. परंतु घंटागाडी तर येते! हौदा लहान असला, म्हणून विवेक लहान करून चालत नाही. तुम्ही दिलेल्या डब्यात कोणाचा तरी हात जाणार आहे, एवढे स्मरण ठेवले, म्हणजे पुरे.

पुढल्या वर्षी शाळेच्या दुसऱ्या इमारतीचे काम निघाले. पुन्हा डंपर आला, आणि कामावर त्याच बाई होत्या. कोठीच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्या वेळी सगळंच टाकायचं का?"

मी हातातील कागद टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "थांबा बाई, मी येतो. आधी एकेक वस्तू पाहू."