संपत्ती, भय आणि अन्यायाचा प्रतिकार

राजसत्ता अन्यायी झाली असता तिचा प्रतिकार कोण करतो? ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काहीच नाही तोच प्रथम उठतो, असा सर्वसाधारण समज आहे. पालि जातककथा मात्र निराळे चित्र दाखवितात.

गण्डतिन्दु जातकात (क्र. ५२०) कंपिल्ल नगरीचा पञ्चाल राजा अधर्माने राज्य करतो. दिवसा राजपुरुष लुटतात, रात्री चोर लुटतात. म्हणून प्रजा घराभोवती काटेरी फांद्या रचून पहाटेच रानात निघून जाते. पायात काटा रुतलेला म्हातारा राजाला शाप देतो. त्याच्यासारखे इतरही देतात. परंतु शापापलीकडे कोणी जात नाही. ज्याचा सारा दिवस पोट भरण्यात व जीव लपविण्यात जातो, त्याला संघटित होण्यास अवसर कोठून मिळणार?

पदकुसलमाणव जातकात (क्र. ४३२) वाराणसीचा राजा व त्याचा पुरोहित स्वतःच राजकोशातील रत्ने चोरतात. एक तरुण ही गोष्ट जमलेल्या 'जानपद' व 'नेगम' लोकांपुढे, म्हणजे खेड्यांतील व नगरांतील रहिवाशांपुढे, उघड करतो आणि ते राजाचा वध करतात. ही हिंसा अनुकरणीय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, हे लोक रानोमाळ पळालेले नव्हते. एकत्र जमून सत्य ऐकण्याइतके त्यांचे जीवन स्थिर होते.

मग संपत्तीबरोबर धैर्यही वाढते काय? तसेही नाही. याच कथेतील पुरोहित दरिद्री नव्हता. तरी राजाश्रयावर जगणारा तो राजाच्या चोरीत भागीदार झाला. तेव्हा संपत्ती किती, यापेक्षा ती कोणाच्या मर्जीवर टिकून आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महार वतनाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. जमिनीचा लहानसा तुकडा व बलुते यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी व गावकीची चाकरी करावी लागे. ते उत्पन्न अल्प होते, पण ते जाईल हे भय मोठे होते. म्हणूनच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडून, वतनदारास पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करता यावी व चाकरीतून मुक्त होता यावे, अशी तरतूद सुचविली. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. स्टार्ट समितीनेही १९३० च्या अहवालात नोंदविले की, अस्पृश्य आपले हक्क बजावू लागताच त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र उगारले जाते, आणि ते परिणामकारक ठरते ते त्यांच्या आर्थिक परावलंबनामुळे.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिण्डिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत: स्वकष्टाने व धम्माने मिळविलेली संपत्ती असणे, तिचा उपभोग व पुण्यकर्म, ऋणमुक्ती आणि निर्दोष आचरण. हा उपदेश केवळ घरगुती नाही. जो कोणाचा ऋणी नाही आणि ज्याच्या आचरणात दोष नाही, त्याला सत्तेपुढे सत्य बोलताना गप्प बसविणे कठीण असते. आपल्या समाजाने शिक्षणाच्या बळावर जे मिळविले आहे, त्याने आपण निर्भय झालो की ते टिकविण्यासाठी मौन धरू लागलो, हे प्रत्येक उपासक-उपासिकेने स्वतःशी तपासून पाहावे.