राग बायकांचा, झेंडा भलत्याचाच

29 जुलै 2024. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या साउथपोर्ट गावात लहान मुलींचा नाचाचा वर्ग चालू होता. शाळांना नुकतीच उन्हाळी सुट्टी लागलेली. तिथे एक तरुण चाकू घेऊन शिरला. तीन मुली जिवानिशी गेल्या, कितीतरी जखमी झाल्या. पोलिसांचा तपास जेमतेम सुरू होत होता, तोवर मोबाईलवर निकाल लागलाही: मारेकरी बोटीतून आलेला मुस्लिम आश्रयार्थी आहे. त्याचं नावही फिरू लागलं. ते नाव खोटं होतं. खरा मारेकरी 17 वर्षांचा होता आणि त्याचा जन्म कार्डिफचा, म्हणजे ब्रिटनमधलाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमावाने साउथपोर्टच्या मशिदीवर विटा फेकल्या. गेलेल्या मुलींपैकी एकीच्या आईने त्याच रात्री समाजमाध्यमावर कळवळून विनंती केली, की हे थांबवा. ज्या घरात मूल गेलं त्याच घरचं कुणी ऐकलं नाही. पुढचे काही दिवस इंग्लंडमधली अनेक शहरं आणि उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट धुमसत राहिलं.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. वर्षभराने, ऑगस्ट 2025 मध्ये, ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक स्त्री-संघटनांनी एकत्र येऊन सरकारला पत्र लिहिलं. त्यात बलात्कारपीडितांसाठी काम करणारी ‘रेप क्रायसिस’ होती, निवारागृहं चालवणारी ‘रेफ्यूज’ होती आणि ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’सारखी आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांची संघटनाही होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायकांवरच्या हिंसेची चर्चा स्थलांतरितविरोधी राजकारणाने पळवून नेली आहे. या भूमिकेभोवती बरेच गैरसमज आहेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज 1: बाईला खरा धोका अनोळखी, बाहेरून आलेल्या पुरुषाकडून असतो.

वस्तुस्थिती: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण इथे आकड्यांनी सिद्ध होते. ‘रेप क्रायसिस’च्या माहितीनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रियांवरच्या दर सात बलात्कारांपैकी सहा ओळखीच्या माणसाने केलेले असतात. एकूण घटनांपैकी निम्म्यांत तो नवरा किंवा जोडीदार असतो, आजचा नाहीतर पूर्वीचा. ‘फेमिसाइड सेन्सस’ या प्रकल्पाने 2009 ते 2018 या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांची नोंद केली. अशा 1,425 स्त्रिया निघाल्या. त्यातल्या 62 टक्के आजच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराने मारल्या. अनोळखी माणसाने मारलेल्या होत्या 119, म्हणजे शंभरातल्या जेमतेम आठ.

जगभर हेच चित्र दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये सुमारे 85,000 स्त्रिया आणि मुलींची जाणूनबुजून हत्या झाली. त्यातल्या 51,100 जणी जोडीदाराने किंवा कुटुंबातल्या माणसाने मारल्या. रोजच्या हिशेबात हा आकडा 140 होतो.

अनोळखी माणूस गुन्हा करत नाही, असा याचा अर्थ नाही. पण भीतीचा सगळा झोत बंदरावर आणि सीमेवर टाकला, की स्वयंपाकघर आणि शेजघर अंधारात जातं.

गैरसमज 2: पद्धत चुकली असेल, पण मोर्चेवाल्यांचा हेतू बायकांच्या रक्षणाचाच होता.

वस्तुस्थिती: ‘द गार्डियन’ने माहिती अधिकाराखाली पोलिसांकडून आकडे मागवले, तेव्हा 2024 च्या दंगलींनंतर अटक झालेल्या 899 जणांपैकी 41 टक्के लोकांविरुद्ध पूर्वी कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार झालेली होती असं निघालं. तक्रार म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरं. तरीही दर पाच रक्षणकर्त्यांमागे दोघांच्या घरातूनच पोलिसांना फोन गेला असेल, तर ते रक्षण कसलं, हे विचारायलाच हवं.

दुसरं उदाहरण न्यायालयातलं आहे. 2018 मध्ये लीड्सच्या न्यायालयात मुलींच्या टोळीबद्ध लैंगिक शोषणाचा खटला चालू होता. सुनावणीला बाधा येऊ नये म्हणून वार्तांकनावर बंदी होती. अतिउजवा नेता टॉमी रॉबिन्सन न्यायालयाबाहेर गेला आणि आरोपींना गाठून त्याने थेट प्रक्षेपण केलं. असं काही झालं की आरोपीचे वकील उठून सांगू शकतात, आता ज्यूरीचं मन कलुषित झालं, खटला रद्द करा. म्हणजे ज्या मुलींनी धीर गोळा करून साक्ष दिली, त्यांच्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगण्याची पाळी. जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने रॉबिन्सनला न्यायालयाच्या अवमानाबद्दल नऊ महिन्यांची शिक्षा सुनावली. आरोपींना गजाआड धाडण्याची खरी घाई त्याला असती, तर तो त्या दिवशी घरी बसला असता.

गैरसमज 3: स्त्रीवादी संघटना स्थलांतरित गुन्हेगारांवर पांघरूण घालतात.

वस्तुस्थिती: हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, कारण त्याच्या मुळाशी एक खरी जखम आहे. रॉदरहॅम या शहरात 1997 ते 2013 या काळात किमान 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा अंदाज प्रा. अलेक्सिस जे यांच्या 2014 च्या अहवालाने मांडला. बहुतेक गुन्हेगार पाकिस्तानी वंशाचे होते. वंशाचा उल्लेख केला तर आपल्याला वर्णद्वेषी म्हणतील, ही भीती काही अधिकाऱ्यांना होती, हे अहवालाने स्पष्ट लिहिलं. पोलिसांनी कित्येक पीडित मुलींकडे तुच्छतेने पाहिलं, हेही त्याच अहवालाने लिहिलं. गरीब घरातल्या, सरकारी देखभालीतल्या, ‘वाया गेलेल्या’ मुली. त्यांचं कोण मनावर घेणार? अतिउजवे यातलं पहिलं वाक्य मोठ्याने वाचतात आणि दुसरं गिळून टाकतात.

जून 2025 मध्ये अशा टोळीबद्ध शोषणाबद्दल बॅरोनेस लुईस केसी यांचा लेखाजोखा आला. दोन-तृतीयांश गुन्हेगारांच्या वंशाची नोंदच केलेली नाही, असं त्यात आढळलं. जिथे स्थानिक नोंदी होत्या, अशा तीन पोलीस क्षेत्रांत आशियाई वंशाच्या पुरुषांचं प्रमाण जास्त निघालं. पुरती नोंद ठेवा, लपवू नका, अशी त्यांची शिफारस होती. नोंद नसली की त्या रिकाम्या जागेत अफवेचं पीक येतं.

यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रॉचडेल या गावातल्या अशाच एका टोळीवरचा रखडलेला खटला पुन्हा उभा करून 2012 मध्ये तडीस नेणारे मुख्य सरकारी वकील नझीर अफझल हे स्वतः पाकिस्तानी वंशाचे. ‘मुस्लिम विमेन्स नेटवर्क’ या संघटनेने 2013 मध्ये अहवाल काढून दाखवलं, की आशियाई मुलीही अशाच शोषणाच्या बळी आहेत आणि ‘इज्जती’च्या धाकाने त्यांची तोंडं बंद आहेत. मोर्चेवाल्यांच्या घोषणांत या मुली कधी येत नाहीत, कारण त्या आल्या की ‘आपल्या मुली’ आणि ‘त्यांचे पुरुष’ ही सोपी मांडणी मोडते.

जर्मनीत हीच भूमिका एका शब्दात मांडली गेली. 2015 च्या वर्षअखेरीच्या रात्री कोलोन शहरात रेल्वे स्थानकाच्या परिसरात स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात लैंगिक हल्ले आणि चोऱ्या झाल्या. बाराशेच्या आसपास तक्रारी नोंदल्या गेल्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले अनेक होते. देश ढवळून निघाला. तेव्हा 22 स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी जानेवारी 2016 मध्ये ‘आउसनामस्लोस’ नावाचं निवेदन काढलं. या शब्दाचा अर्थ ‘अपवाद न करता’. गुन्हेगार कुणीही असो, जागा कुठलीही असो, विरोध सारखाच. हल्ले त्यांनी नाकारले नाहीत, पीडितांना गप्पही केलं नाही. उलट कायद्यावर बोट ठेवलं: बाईने नुसतं ‘नाही’ म्हणणं तोवर जर्मन कायद्यात बलात्कार सिद्ध करायला पुरेसं नव्हतं. स्त्री-संघटनांची ही जुनीच मागणी होती. जुलै 2016 मध्ये संसदेने कायदा बदलला आणि ‘नाही म्हणजे नाही’ हे तत्त्व त्यात आलं. त्याच सुधारणेला परदेशी गुन्हेगारांच्या हकालपट्टीची तरतूद जोडली गेली, त्यावरही अनेक स्त्रीवाद्यांनी टीका केली.

गैरसमज 4: मोर्च्यात बायकाही असतात, मग तो बायकांचाच आवाज नाही का?

वस्तुस्थिती: असतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. जुलै 2025 मध्ये लंडनजवळच्या एपिंगमध्ये, आश्रयार्थ्यांना ठेवलेल्या हॉटेलातल्या एका माणसाने 14 वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार केला. गुन्हा खरा होता. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून 12 महिन्यांची कैद दिली. हॉटेलसमोरच्या निदर्शनांत गुलाबी कपडे घालून आया आल्या होत्या. आपल्या मुलीच्या काळजीने घराबाहेर पडलेल्या बाईला हिणवण्यात अर्थ नाही. पण तिचं बोट धरून कोण कुठे घेऊन चाललं आहे, हे तपासावं लागतं. एकाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा एकाला व्हायला हवी. त्या छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांना गुन्हेगार ठरवलं, की तो न्याय राहत नाही.

बायकांच्या नावाने दुसऱ्यांचे जीव घेण्याचा इतिहास जुना आहे, आणि बायकांनीच त्याला नकार दिल्याचाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘गोऱ्या बाईची अब्रू’ हे कारण पुढे करून काळ्या पुरुषांना जमावाकडून ठार मारलं जाई. 1892 मध्ये मेम्फिस शहरात तीन काळ्या दुकानदारांना जमावाने मारलं. त्यातला एक आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार स्त्रीचा मित्र होता. त्या तिघांचं दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तोडत होतं, हे खरं दुखणं. वेल्स यांनी एकामागून एक प्रकरणं तपासली आणि बलात्काराचा आरोप किती वेळा नंतर चिकटवलेला असतो, हे छापलं. जमावाने त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली.

पुढे 1930 मध्ये अटलांटा इथे जेसी डॅनियल एम्स यांनी गोऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली. आमच्या रक्षणाच्या नावाखाली हे खून चालणार नाहीत, अशा प्रतिज्ञेवर सुमारे 40 हजार स्त्रियांनी सह्या केल्या. या संघटनेला मर्यादा होत्या. काळ्या स्त्रियांना तिथे सभासदत्व नव्हतं, आणि झुंडबळीविरुद्धच्या केंद्रीय कायद्याला एम्स यांचाच विरोध होता. तरीही, ज्यांच्या अब्रूची ढाल करून खून होत होते, त्यांनीच ती ढाल काढून घेतली. जमावाला याची सवय नव्हती.

गैरसमज 5: बाहेरचे हाकलले की बायका आपोआप सुरक्षित होतील.

वस्तुस्थिती: हाकलण्याचा धाक सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगी पडतो? मारकुट्या नवऱ्याच्या. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीला बहुतेक सरकारी मदत मिळत नाही. मदत नाही म्हणून अनेक निवारागृहांत जागा नाही. नवऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: जा पोलिसांत, तुलाच विमानात बसवतील. हा धाक पोकळ नव्हता. तक्रार करायला आलेल्या स्त्रीची माहिती पोलीस स्थलांतर खात्याला देत. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ आणि ‘लिबर्टी’ या संघटनांनी 2018 मध्ये याविरुद्ध दाद मागितली. या पद्धतीमुळे पीडितांचं नुकसान होतं, असा निष्कर्ष पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने डिसेंबर 2020 मध्ये काढला.

‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ 1979 मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी साउथॉलमध्ये अतिउजव्या ‘नॅशनल फ्रंट’विरुद्ध मोठं आंदोलन पेटलं होतं. पण या बायका रस्त्यावरच्या शत्रूशी लढून घरातल्या शत्रूबद्दल गप्प बसल्या नाहीत. वर्षानुवर्षं मार खाऊन शेवटी नवऱ्याला जाळणाऱ्या किरणजित अहलुवालिया यांना जन्मठेप झाली, तेव्हा याच संघटनेने मोहीम चालवली आणि 1992 मध्ये त्या सुटल्या. ऐश्वर्या रायच्या ‘प्रोव्होक्ड’ या चित्रपटातली कथा ती हीच. घरचं धुणं चव्हाट्यावर आणू नका, असं समाजातले पुढारी त्यांना सांगत. गोरे अतिउजवे आणि घरचे पुढारी या दोघांनाही नकोशी असलेली ही संघटना आज पंचेचाळिशी ओलांडून उभी आहे.

मोर्च्याच्या भाषणांत एक विषय क्वचितच ऐकू येतो. इंग्लंड आणि वेल्सच्या क्राउन कोर्टांत, म्हणजे वरच्या फौजदारी न्यायालयांत, 2025 मध्ये 70 हजारांहून अधिक खटले तुंबले होते. बलात्काराची फिर्याद दिलेली बाई वर्षानुवर्षं तारखेची वाट बघते. न्यायाधीश वाढवा, निवारागृहांना पैसा द्या, या मागण्यांसाठी हॉटेल जाळायला कुणी जात नाही.

गैरसमज 6: हा विलायतेतला प्रश्न, आपला काय संबंध?

वस्तुस्थिती: भारतात 2022 मध्ये बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले. दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. आपल्याकडेही राग कधी येतो, हे पुष्कळदा आरोपीचं आडनाव बघून ठरतं.

बिल्किस बानो खटल्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. 2002 मध्ये गुजरातेत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, कुटुंबातली माणसं मारली गेली. तिथे निष्पक्ष सुनावणी होणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईला हलवला आणि 2008 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप सुनावली. 15 ऑगस्ट 2022 ला गुजरात सरकारने त्या अकरा जणांना सोडलं. तुरुंगाबाहेर त्यांचं हार-पेढ्यांनी स्वागत झालं. बलात्काऱ्याला भर चौकात फाशी द्या म्हणणारे कितीतरी आवाज त्या दिवशी बसले.

तेव्हा काही दिवसांतच तीन स्त्रिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या: माजी खासदार सुभाषिनी अली, पत्रकार रेवती लौल आणि लखनौ विद्यापीठाच्या माजी कुलगुरू रूपरेखा वर्मा. खासदार महुआ मोइत्रा यांनीही याचिका केली, पुढे स्वतः बिल्किस आल्या. पीडितेचा धर्म आपला आहे का, हे या बायकांनी पाहिलं नाही. 8 जानेवारी 2024 ला न्यायालयाने सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने गुजरातला तो अधिकारच नव्हता, असं ठरलं.

21 जानेवारीच्या रात्री अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगात परत हजर झाले. त्यासाठी कुणाच्या मशिदीवर वीट फेकावी लागली नाही, की कुणाचं हॉटेल पेटवावं लागलं नाही.