दिव्यावरून गेलेलें वर्ष : इ. स. १८५४

हिंदुस्थानांत उतारूंची पहिली आगगाडी केव्हां धांवली असें विचारलें तर शाळेंतला मुलगाहि १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगतो. बोरीबंदरच्या तोफा, चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या नांवांचीं तीन इंजिनें, हा सारा थाट त्याला पाठ असतो. पुढच्या वर्षीं काय झालें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक १८५३ च्या त्या गाडीनें बेटांची हद्द ओलांडलीच नव्हती. मुंबई हें बेट, आणि ठाणें ज्या भूमीवर वसलें आहे ती साष्टीहि बेटच. एका बेटावरून निघालेली गाडी दुसऱ्या बेटाच्या कडेस येऊन थांबली, एवढेंच त्या दिवशीं घडलें. पुढें खाडी होती. ती ओलांडून रूळ मुख्य भूमीवर उतरले ते १८५४ सालीं. सोमवार, ता. १ मे १८५४ रोजीं ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. या मार्गावर, ठाणें सोडल्यावर सुमारें पांच मैलांवर, दिवा हें गांव आहे.

रूळ येण्यापूर्वींहि दिवा हें वाटेवरचेंच गांव होतें. ती वाट पाण्याची होती. कल्याण हें फार जुनें बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं नांवें आढळतात, आणि शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण घेतलें त्यांत या खाडीचें मोल त्यांनीं ओळखलें होतें, हें पुढें त्यांनीं उभारलेल्या आरमारावरून दिसतें. कल्याणच्या बंदरांतून सुटलेले पडाव व मचवे ओहोटीच्या पाण्यानें उल्हास नदीतून खालीं येत आणि दिव्याच्या कांठावरून पुढें ठाण्याकडे किंवा वसईकडे जात. कांठचे लोक मुख्यतः आगरी व कोळी. मासेमारी, मीठ पिकविणें आणि खाजणाला बांध घालून भात काढणें हे त्यांचे धंदे. खारें पाणी अडविण्यासाठीं बांध कसा घालावा आणि उधाणाच्या भरतीपुढें तो कसा टिकवावा, ही विद्या या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. रेल्वेच्या साहेबांनीं त्यांच्या खाजणांतून मातीचा उंच बांध नेला तेव्हां त्यांस नवल वाटलें असेल तें त्यावरून धांवणाऱ्या गाडीचें. बांधाचें खास नव्हे.

हा मार्ग कोणासाठीं बांधला गेला, याचें उत्तर दिव्यांत किंवा कल्याणांत सांपडणार नाहीं. तें लँकेशायरच्या गिरण्यांत आहे. १८४६ सालीं अमेरिकेंतील कापसाचें पीक बुडालें आणि इंग्लंडांतील गिरणीवाल्यांस एकाच देशावर विसंबून राहण्यांतला धोका कळून चुकला. हिंदुस्थानांत, विशेषतः वऱ्हाडांत, कापूस होता. पण तो बैलांच्या पाठीवरून शेंकडों मैल चालत येई, वाटेंत पावसांत भिजे, धुळींत मळे, आणि घाट उतरून पनवेल किंवा कल्याण गांठीपर्यंत त्याची किंमत उतरलेली असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ च्या कायद्यानें स्थापन झाली ती ही अडचण दूर करण्यासाठीं. मुंबईच्या बाजूनें नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या गृहस्थांनीं तिला मनापासून हातभार लावला, आणि त्यांत त्यांची दूरदृष्टि होती यांत संशय नाहीं. तरीपण व्यवहार कसा ठरला होता तेंहि पाहिलें पाहिजे. कंपनी सरकारनें रेल्वेला जमीन फुकट दिली आणि भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी घेतली. नफा झाल्यास तो लंडनच्या भागीदारांचा. तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलांतून भरावयाची. म्हणजे दिव्याच्या ज्या शेतकऱ्याच्या भाताच्या कडेनें गाडी गेली, त्याच्याच शेतसाऱ्याचा कांहीं अंश त्या हमीच्या पाठीशीं उभा होता.

मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले हा १८५० सालीं मुंबईस आला तेव्हां पुरा एकतीस वर्षांचाहि नव्हता. रॉबर्ट स्टीफन्सनच्या शिफारशीनें त्याची निवड झाली होती. मुंबई ते ठाणें हा एकवीस मैलांचा तुकडा बहुतेक सपाटीचा. शीवेची दलदल सोडली तर तेथें फारसें कांहीं अडलें नाहीं. खरी परीक्षा ठाण्याच्या पुढें होती. प्रथम खाडी. तेथें चिखलांत पाये घालून दगडी कमानींचे पूल उभारावयाचे, आणि तेंहि दिवसांतून दोनदां चढणाऱ्या व दोनदां उतरणाऱ्या पाण्यांत. त्याच्या पलीकडे पारसिकचा डोंगर. मुंब्र्याजवळ हा डोंगर इतका पाण्याशीं येऊन भिडतो कीं, मध्यें रस्त्याला जेमतेम जागा उरते. बर्कलेनें डोंगर सरळ फोडण्याचें टाळलें, त्याच्या पायथ्यानें वळसा घेतला, आणि जेथें खडक अगदींच आड आला तेथें दोन आंखूड बोगदे खोदविले. मुंब्र्यावरून संथ लोकलनें जाणाऱ्यांस हा वळसा आजहि ध्यानांत येतो: एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस खाडीचें पाणी, आणि मग एकाएकीं डोंगर मागें सरून दिव्याचें मैदान मोकळें होतें. ठाण्यापासून अवघड वाटणारा मार्ग तेथपासून कल्याणपर्यंत सुतासारखा सरळ जातो.

कल्याणास पोंचल्यावर मात्र काम थबकलें, कारण पुढें सह्याद्रि होता. ईशान्येस थळघाटानें नाशिक-वऱ्हाडाकडे आणि आग्नेयेस बोरघाटानें पुण्याकडे, अशा दोन वाटा कल्याणाहून फुटावयाच्या होत्या. बोरघाट १८६३ सालीं व थळघाट १८६५ सालीं पुरा झाला. बर्कलेनें दोहोंपैकीं एकहि पुरा झालेला पाहिला नाहीं; १८६२ सालीं इंग्लंडांत तो वारला.

परंतु १८५४ हें वर्ष केवळ रुळांचें नव्हे. त्याच बारा महिन्यांत कलकत्त्यांत, लंडनांत, नागपुरांत आणि खुद्द मुंबईंत ज्या गोष्टी घडल्या, त्या या लहानशा लोहमार्गाशीं जोडून पाहिल्या म्हणजे त्या वर्षाचें खरें स्वरूप दिसूं लागतें.

सर्वसामान्य घराच्या उंबरठ्यापर्यंत जी गोष्ट आधीं पोंचली ती म्हणजे टपालाचें तिकीट. तोंवर पत्राचें मोल अंतरावर ठरत असे. मुंबईहून कलकत्त्यास तोळाभर वजनाचें पत्र पाठवावयाचें तर रुपया पडे. त्या काळचा रुपया म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानास एकच दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं हजार मैलांवर. कलकत्त्यास शिळाछापावर छापलेलें राणीच्या मुखवट्याचें तें निळें तिकीट आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झालें आहे. पण त्याचें खरें महत्त्व त्याच्या रंगांत नाहीं. दूर राहणें ही गरिबाला परवडण्याजोगी गोष्ट त्या अर्ध्या आण्यानें केली. मुलगा नोकरीसाठीं मुंबईस गेला आणि घरीं खुशालीचें पत्र येऊं लागलें, म्हणजे दुसरा मुलगा पाठवावयास आईबाप कमी कचरतात. आगगाडीनें अंतराचा वेळ कमी केला व तिकिटानें अंतराचा खर्च. दोहोंपैकीं एकच आलें असतें तर कोंकणांतलीं व देशावरचीं माणसें मुंबईंत इतक्या मोठ्या संख्येनें लोटलीं असतीं कीं नाहीं, शंकाच आहे.

तारायंत्रहि त्याच वर्षींचें म्हणावयास हरकत नाहीं. डॉक्टर ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या नोकरींतील शल्यवैद्यानें हें काम अंगावर घेतलें होतें. १८५४ च्या मार्चांत आग्ऱ्याहून कलकत्त्यास पहिली तार गेली, आणि १८५५ च्या फेब्रुवारींत तारेची सोय सर्वसाधारण लोकांस खुली झाली.

नागपूरची हकीकत दुःखद आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीनें १८५४ सालीं दत्तकाचा हक्क नाकारून तें राज्य खालसा केलें. त्याच वर्षीं झांशीहि गेली. वऱ्हाड तर आदल्याच वर्षीं निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आला होता. ठाण्याच्या खाडीवर कमानी चढत होत्या त्याच सुमारास रूळ ज्या कापसाच्या मुलुखाकडे निघाले होते तो मुलूख हातीं येत गेला, हा निवळ योगायोग मानणें कठिण आहे. नागपुरास गाडी पोंचली ती १८६७ सालीं.

पण इतिहासाला सरळ रेषेंत चालण्याची संवय नसते. कापूस लँकेशायरला जावा म्हणून रूळ पडत असतांनाच कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्यानें जुलै १८५४ मध्यें ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली. ताडदेवची त्याची गिरणी १८५६ सालीं चालू झाली आणि हिंदी कापसाचें सूत मुंबईंतच यंत्रावर निघूं लागलें. रेल्वेनें आणलेला माल बंदरावर जाण्याआधींच वाटेंत अडविण्याची ही सुरुवात होती. त्याच जुलै महिन्याच्या १९ तारखेस लंडनहून सर चार्ल्स वुड याचा शिक्षणविषयक खलिता निघाला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें काढावीं आणि खाजगी शाळांस सरकारनें अनुदान द्यावें, असें त्यांत सुचविलें होतें. त्याप्रमाणें मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. कचेऱ्यांस लागणारा शिकलेला नोकर निर्माण होण्याचा मार्ग या खलित्यानें रुंद केला आणि कामगार निर्माण झाला गिरणीमुळें. या दोघांना सकाळीं मुंबईस नेऊन सायंकाळीं घरीं आणून सोडणारी गाडी पुढें ज्या मार्गावर धांवूं लागली, तो मार्ग त्याच वर्षीं दिव्याच्या खाजणांतून गेला होता.

दिव्याला मात्र त्यांतलें फारच थोडें आणि तेंहि फार उशिरां मिळालें. १९१६ सालीं पारसिकच्या डोंगरांतून सुमारें सव्वा किलोमीटर लांबीचा मोठा बोगदा पुरा झाला. बर्कलेनें जें टाळलें तें या बोगद्यानें केलें. जलद गाड्यांचा मुंब्र्याचा वळसा चुकला. बोगद्यांतून येणारे रूळ दिव्यापाशीं जुन्या रुळांस येऊन मिळाले, आणि गाड्या आतां दिव्यावरून अधिक वेगानें जाऊं लागल्या, इतकाच गांवाला फरक. १९६० नंतरच्या दशकांत दिव्याहून पनवेलकडे फांटा निघाला. नंतर वसईकडे दुसरा निघाला. पनवेलचा फांटा रोह्यास पोंचला आणि त्याच्या पुढें १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, तेव्हां भिजलेल्या भाताचा व मिठाचा हा कांठ एकाएकीं कोंकणचें दार बनला. सावंतवाडीकडे जाणारी गाडी दिव्याहून सुटते. मुंबईंत व ठाण्यांत ज्यांस जागा परवडली नाहीं अशा कुटुंबांनीं येथें बिऱ्हाडें केलीं. चाळी उठल्या, त्यांवर इमारती उठल्या, आणि साबें, दातिवली, आगासन हीं शेजारचीं गांवें एकमेकांत मिसळून गेलीं.

तरीहि जलद लोकल थांबत नव्हती. संथ गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसे आणि जलद गाड्या डोळ्यांदेखत निघून जात. २ जानेवारी १९१५ नव्हे, २०१५ रोजीं, म्हणजे बोगद्याचें शतक भरत आलें असतांना, गाड्या खोळंबल्या आणि दिव्याच्या उतारूंचा संयम सुटला. दगडफेक व जाळपोळ झाली. त्या प्रकाराचें समर्थन कोणी करणार नाहीं, पण त्यामागचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. पुढें फलाटांची व रुळांची फेररचना झाली आणि १८ डिसेंबर २०१६ पासून जलद लोकल दिव्यास थांबूं लागल्या. पहिली गाडी दिव्यावरून गेली त्यास तेव्हां एकशें बासष्ट वर्षें होऊन गेलीं होतीं.