आयईएलटीएसचा निबंध: आधी आराखडा, मग पेन
सास्तूरहून परदेशी शिकायला निघालेल्यांनो, आयईएलटीएसच्या दुसऱ्या लेखनप्रश्नाला किमान 250 शब्द हवेत आणि वेळ साधारण 40 मिनिटं. पहिल्या प्रश्नापेक्षा याचं वजन दुप्पट! तरी बरेच जण प्रश्न दिसला की लिहीतच सुटतात. थांबा. पाच मिनिटं नुसता आराखडा करा: माझं मत काय, मुद्दे कोणते दोन, प्रत्येकाला दाखला कुठला. आणि दाखला लंडनचाच कशाला? ‘आपत्तीनंतर गाव हलवावं का?’ असा विषय आला, तर 30 सप्टेंबर 1993चा भूकंप आपल्याच दारातला. एका परिच्छेदात नव्या जागेतली पक्की घरं, दुसऱ्यात लांब पडलेली शेतं. पाठ केलेली भारदस्त वाक्यं मात्र घुसडू नका. शेवटची तीन मिनिटं स्पेलिंग तपासायला राखून ठेवा.